झोप मराठीत येते, इंग्रजीत आपण जातो

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मी तिन्ही शिफ्ट करतो. एक आठवडा पहिली, एक दुसरी, एक तिसरी. काही वर्षांपूर्वी कारखान्यात तब्येतीची तपासणी होती. आलेल्या डॉक्टरांना मराठी येत नव्हतं, हिंदीही जेमतेमच. त्यांनी मला विचारलं, ‘आर यू अ लाइट स्लीपर?’ मी छातीठोक सांगितलं, ‘नो सर, आय स्विच ऑफ द लाइट.’

डॉक्टर हसले नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. मागं रांगेत उभे असलेले मात्र आजही मला बघून बटण बंद केल्याची खूण करतात. ‘लाइट स्लीपर’ म्हणजे सावध झोपेचा माणूस, पान हललं तरी जागा होणारा. दिवा लावून झोपणाऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. त्याच्या उलट ‘हेवी स्लीपर’, ज्याच्या उशाशी ढोल-ताशा वाजवला तरी कूस बदलत नाही तो.

त्या दिवसापासून मी झोपेचं इंग्रजी गोळा करायला लागलो. आता रविवारी सकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर आम्ही पाच-सहा जण बसतो. फाउंड्रीतले दोघं, एक सिस्टर, दूध संस्थेत पहाटेचं संकलन बघणारी एक ताई आणि तालमीतला एक पैलवान. सगळ्यांच्या झोपेची वेळ वेगळी, म्हणून विषय कधी संपत नाही. इंग्रजी नव्यानं शिकणाऱ्यांना मी हाच विषय आधी धरायला सांगतो, कारण साहित्य रोज रात्री फुकटात तयार होतं. खाली आमची पद्धत दिली आहे, ज्या क्रमानं आम्हाला जमली त्या क्रमानं.

पायरी पहिली: आधी मराठी शब्द लिहून काढा

शब्दकोश उघडायच्या आधी वहीच्या डाव्या बाजूला आपले शब्द लिहा. पेंग, झापड, डुलकी, गुंगी, डोळा लागणं, पाठ टेकणं, जरा लवंडणं, ताणून देणं, डाराडूर, साखरझोप, झोपमोड, जागरण, जांभई, आळस देणं, घोरणं, बरळणं, दचकून उठणं, अंथरुणात लोळणं. आमच्या सिस्टरनी एका बैठकीत सव्वीस लिहिले होते.

याचा फायदा असा की फरक आपल्या डोक्यात आधीच असतात. पेंग आणि डुलकी एक नव्हे, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. पेंग येते तेव्हा आपण ‘ड्राउझी’ असतो. बसल्या बसल्या मान पडली की ‘नॉड ऑफ’ झालं. एसटीत कोल्हापूर ते गगनबावडा अधूनमधून डोळा लागत गेला तर ‘डोझ’. ठरवून आडवं होऊन वीस मिनिटं घेतली तर ‘नॅप’.

काही खाने रिकामे राहतील, राहू देत. साखरझोपेला इंग्रजीत एकच शब्द शोधत मी बराच काळ घालवला. ‘द स्लीप जस्ट बिफोर डॉन’, पहाटेच्या जरा आधीची झोप, असं सरळ सांगावं लागतं. साखर त्यात येत नाही, त्याला इलाज नाही.

पायरी दुसरी: कर्ता बदला

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. मी इथंच दोन महिने अडकलो होतो.

मराठीत झोप ही स्वतंत्र बाई आहे. ती येते, लागते, उडते, मोडते, कधी कधी रुसून येतच नाही. आपण नुसते तिची वाट बघत पडलेले असतो. ‘मला झोप आली’ या वाक्यात कर्ता झोप आहे, मी नाही. हे तसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं की ‘स्लीप इज कमिंग टु मी’ होतं आणि ऐकणारा दाराकडं बघतो, कोण येतंय म्हणून.

इंग्रजीत बहुतेक वेळा कर्ता ‘आय’. झोप तिथं जवळजवळ एक जागा आहे. तुम्ही तिच्यात पडता, तिच्यात राहता आणि तिच्यातून बाहेर येता.

मला झोप आली, म्हणजे येतेय: ‘आय ॲम स्लीपी.’
मला झोप लागली: ‘आय फेल अस्लीप.’
माझी झोप मोडली: ‘आय वोक अप.’ कुणी मोडली असेल तर ‘द डॉग वोक मी अप.’
माझी झोप उडाली: ‘आय वॉज वाइड अवेक.’
मला झोपच आली नाही: ‘आय कुडन्ट स्लीप.’
माझी झोप झाली नाही: ‘आय डिडन्ट गेट इनफ स्लीप.’

शेवटच्या वाक्यावर थोडं थांबा. ‘माय स्लीप इज नॉट कम्प्लीट’ हे मी कोल्हापुरात रोज ऐकतो, कॉलेजच्या पोरांकडूनही. आपल्याकडं झोप ‘पूर्ण’ होते, जेवणासारखी. इंग्रजीत ती ‘मिळते’, पगारासारखी, आणि पुरेशी मिळाली की नाही हा प्रश्न.

‘फेल अस्लीप’मधलं ‘फेल’ नापास होणारं नव्हे. देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात, तिथं आपली लिपी आपल्याला दगा देते. पडण्याचं ‘फेल’ आखूड, स्पेलिंग एफ-ई-डबल एल. नापास होण्याचं लांब, एफ-ए-आय-एल. पैलवानाला सांगितलं, अस्मान दाखवल्यावर जे झालं ते पहिलं आणि बारावीला जे झालं ते दुसरं. तो म्हणाला, ‘दोन्ही झालंय, लक्षात राहील.’

पायरी तिसरी: एकाच घरातले चार भाऊ

‘स्लीप’ हे क्रियापद आहे आणि नामही. ‘स्लीपी’ म्हणजे पेंगुळलेला, अजून जागा. ‘अस्लीप’ म्हणजे झोपलेला. ‘स्लीपिंग’ म्हणजे झोपण्याची क्रिया चालू असलेला. बाळ झोपलंय हे ‘द बेबी इज अस्लीप’ आणि ‘द बेबी इज स्लीपिंग’ दोन्ही चालतं, पण झोपलेलं बाळ म्हणताना ‘अ स्लीपिंग बेबी’च. ‘ॲन अस्लीप बेबी’ कोणी म्हणत नाही. ‘अवेक’चंही तसंच, तो नामाच्या आधी उभा राहत नाही.

दोन शेजारीही ओळखून ठेवा. ‘टायर्ड’ म्हणजे दमलेला. दमलेल्या माणसाला झोप येईलच असं नाही, हे तिसरी शिफ्ट केलेल्या कुणालाही विचारा. ‘ग्रॉगी’ म्हणजे उठल्यावर डोकं जड असलेला. याची गोष्ट मजेची आहे. १७४० मध्ये व्हर्नन नावाच्या ब्रिटिश ॲडमिरलनं नाविकांची रम पाणी घालून द्यायचा हुकूम काढला. तो ‘ग्रोग्रॅम’ नावाच्या जाड कापडाचा कोट घालायचा, म्हणून त्याचं टोपणनाव ‘ओल्ड ग्रॉग’. पाणी घातलेल्या रमला ‘ग्रॉग’ म्हणू लागले आणि ती चढलेला तो ‘ग्रॉगी’. आता दारूचा थेंब न घेताही सकाळी साडेसहाला आपण सगळे ग्रॉगी असतो.

पायरी चौथी: कालची रात्र क्रमानं सांगा

शब्दांची यादी पाठ करू नका. कालची रात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगा, एका वेळी एकच वाक्य.

‘आय वेंट टु बेड ॲट इलेव्हन.’ अंथरुणाला पाठ टेकली. ‘आय स्लेप्ट ॲट इलेव्हन’ असं आपण भारतात सर्रास म्हणतो आणि आपल्यात ते कळतंही. पण डॉक्टर विचारत असेल तर ‘गो टु बेड’ आणि ‘फॉल अस्लीप’ यांत अंतर ठेवा. अकराला आडवा झालो आणि एकला डोळा लागला, तर दुखणं नेमकं त्या दोन तासांत आहे. ‘इट टुक मी टू अवर्स टु फॉल अस्लीप.’ हे एक वाक्य अर्धी तपासणी करून टाकतं.

झोप येईना म्हणून या कुशीवरून त्या कुशीवर: ‘आय टॉस्ड अँड टर्न्ड.’ मध्येच जाग आली: ‘आय वोक अप ॲट थ्री.’ पुन्हा लागली: ‘आय वेंट बॅक टु स्लीप.’ पहाटे गाढ: ‘आय वॉज फास्ट अस्लीप.’ इथं ‘फास्ट’ म्हणजे वेगात नव्हे, घट्ट. हा जुना अर्थ आहे, ‘फासन’ म्हणजे बांधणं याच घरातला. उपवासाचा ‘फास्ट’ तिसराच. तो सोडला की ‘ब्रेकफास्ट’, रात्रभराचा उपास मोडणारी न्याहारी.

मग गजर. ‘द अलार्म वेंट ऑफ.’ इथं आमचे फाउंड्रीवाले हमखास फसतात. आमच्याकडं लाईट म्हणजे वीज, आणि ‘लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे ती गेली. त्यामुळं अलार्म ‘वेंट ऑफ’ म्हणजे बंद पडला असं वाटतं. उलट आहे: तो वाजला. एकानं फोरमनला उशीर झाल्याचं कारण सांगितलं, ‘सर, अलार्म वेंट ऑफ.’ फोरमन म्हणाला, ‘मग उठायचं की!’ वाजलाच नसेल तर ‘द अलार्म डिडन्ट गो ऑफ.’

‘वेक अप’ आणि ‘गेट अप’ यांच्यात आपलं सगळं आयुष्य आहे. डोळे उघडणं पहिलं, पाय जमिनीला लागणं दुसरं. ‘आय वोक अप ॲट फाइव्ह बट गॉट अप ॲट सिक्स.’ मधल्या तासात काय केलंत? ‘आय हिट स्नूझ.’

उशिरा उठण्याचे दोन प्रकार: ठरवून, सुट्टीच्या दिवशी, ‘आय स्लेप्ट इन’. चुकून, कामाच्या दिवशी, ‘आय ओव्हरस्लेप्ट’. साहेबाला नेहमी दुसरं सांगायचं. पहिलं सांगितलं तर मुद्दाम झोपलो असा अर्थ निघू शकतो. ‘स्लीप ऑन इट’ याचा अंथरुणाशी संबंध नाही, निर्णय उद्यावर टाकणं एवढाच.

जागरणाचेही दोन प्रकार. स्वतःहून जागलात तर ‘आय स्टेड अप’. कशानं तरी जागं ठेवलं तर ‘इट केप्ट मी अप’. कागल-मुरगूडकडच्या शेतकऱ्याला पंपाची लाईट रात्रीच्या पाळीत आली की उसाला पाणी पाजायला जावं लागतं. त्याचं वाक्य: ‘आय स्टेड अप टु वॉटर द शुगरकेन.’ शेजारच्या लग्नाच्या डीजेनं झोपू दिलं नाही, तर ‘द म्युझिक केप्ट मी अप.’ चहाचंही हेच, ‘टी कीप्स मी अप.’ त्याला कारण आहे. चहा-कॉफीतलं कॅफीन रक्तात निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे दुसऱ्या शिफ्टला रात्री नऊला घेतलेल्या कपातलं बरंचसं मध्यरात्रीही शिल्लक असतं.

‘हिट द सॅक’ (झोपायला जाणं), ‘फॉर्टी विंक्स’ (छोटी डुलकी), ‘स्लेप्ट लाइक अ लॉग’ (ओंडक्यासारखा गाढ झोपलो) असले वाक्प्रचार ऐकल्यावर कळावेत. बोलायची घाई नको. नवीन माणसानं ते वापरले की शेरवानीवर टोपी उलटी घातल्यासारखं दिसतं.

पायरी पाचवी: दिवसाचे तुकडे

आपल्याकडं झुंजूमुंजू, तांबडं फुटणं, रामप्रहर, टळटळीत दुपार, कातरवेळ, दिवेलागण. इंग्रजीत एवढं रंगीत नाही, पण कामापुरतं आहे. ‘डॉन’ म्हणजे पहाटेचा पहिला उजेड, ‘सनराइज’ म्हणजे प्रत्यक्ष सूर्य वर येणं. संध्याकाळी ‘सनसेट’ आधी, ‘डस्क’ नंतर. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीचे किरण मूर्तीपर्यंत जातात ती वेळ ‘सनसेट’ची. दर्शन करून महाद्वार रोडवर आल्यावर दुकानांचे दिवे लागलेले दिसतात, तो ‘डस्क’.

‘नून’ हा शब्द मात्र मला आवडतो, कारण तो स्वतःच उशिरा उठलेला आहे. लॅटिनमध्ये ‘नोना’ म्हणजे नववी. सूर्योदयापासून नववा तास, म्हणजे दुपारचे सुमारे तीन. सरकत सरकत तो बारावर आला. दुपारच्या झोपेचा ‘सिएस्टा’ स्पॅनिशमधून आला आणि त्याच्या मुळाशी ‘सहावा’ तास आहे, म्हणजे भर दुपार. आपली वामकुक्षी तास मोजत नाही, कूस सांगते: डावी. पैलवान जोर-बैठका, खुराक आणि जेवण झाल्यावर दोन तास झोपतो. तो त्याला ‘नॅप’ म्हणायचा. दोन तासांची ‘नॅप’ जरा जास्तच होते, म्हणून त्याला ‘आय स्लीप फॉर टू अवर्स इन द आफ्टरनून’ असं लिहायला लावलं.

बारा वाजता सूर्य डोक्यावर असतो असं शाळेत शिकलो, पण कोल्हापुरात तसं होत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर धरली आहे, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या. कोल्हापूर साधारण ७४.२ अंशावर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे तेहतीस मिनिटं मागं. वर्षभरात थोडं इकडंतिकडं होतं, पण सरासरी साडेबारानंतरच तो माथ्यावर येतो. भिंतीवरचं घड्याळ मिर्झापूरचं आणि अंगातलं घड्याळ कोल्हापूरचं. हे पुढच्या पायरीला लागणार आहे.

पंधरवड्याला ‘फोर्टनाइट’ म्हणतात, चौदा रात्री. आपण पंधरा दिवस मोजतो, ते चौदा रात्री मोजतात, पगार मात्र दोघांचाही महिन्यालाच.

आणि एक दुरुस्ती आजच करून टाका. ‘यस्टरडे नाइट’ नाही, ‘लास्ट नाइट’. ‘टुडे मॉर्निंग’ नाही, ‘धिस मॉर्निंग’. ‘टुडे नाइट’ नाही, ‘टुनाइट’. या तीन दुरुस्त्यांनी माणूस एकदम बरं बोलायला लागतो.

पायरी सहावी: शास्त्राचे शब्द, जेवढे झेपतील तेवढे

‘सर्केडियन’ या शब्दाला लोक उगाच घाबरतात. लॅटिन ‘सर्का’ म्हणजे सुमारे, ‘डिएस’ म्हणजे दिवस. सुमारे एका दिवसाचा. फ्रान्झ हालबर्ग या शास्त्रज्ञानं १९५९ मध्ये तो रूढ केला. ‘सर्केडियन रिदम’ म्हणजे शरीराची सुमारे चोवीस तासांची लय: झोप, जाग, भूक, अंगाचं तापमान. त्यातलं ‘सुमारे’ महत्त्वाचं. माणसाचं आतलं घड्याळ सरासरी चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं, आणि रोजचा उजेड ते जुळवून देतो. उजेड म्हणजे आपल्या आकाशातला, मिर्झापूरचा नव्हे.

या घड्याळाला बोलताना ‘बॉडी क्लॉक’ म्हणा, तेवढं पुरे. मेंदूत हायपोथॅलॅमसमध्ये सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका ते चालवतो. त्याचं पूर्ण नाव पाठ करायची गरज नाही, ‘मास्टर क्लॉक’ चालतं. अंधार पडला की पिनिअल ग्रंथीतून ‘मेलाटोनिन’ सुटतं, तो रात्र झाल्याचा निरोप. त्यासोबत चार क्रियापदं शिका: ‘राइज’, ‘पीक’, ‘डिप’, ‘फॉल’. मेलाटोनिन अंधार पडल्यावर चढतं, रात्री शिखराला जातं, सकाळी उतरतं. अंगाचं तापमान पहाटे तळाला असतं, म्हणून तिसऱ्या शिफ्टला चारच्या सुमारास मशीनसमोर उभ्याउभ्या डोळे मिटतात. हीच क्रियापदं पंचगंगेच्या पुराच्या बातमीतही उपयोगी पडतात, म्हणजे मेहनत वाया जात नाही.

ही लय फक्त माणसात नाही. १७२९ मध्ये द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञानं लाजाळूसारखं रोप अंधारात ठेवलं, तरी त्याची पानं दिवसाच्या वेळी उघडत आणि रात्री मिटत राहिली. चिंचेची पानं संध्याकाळी मिटतात तेव्हा आपली आजी ‘झाड झोपलं, पानं तोडू नको’ म्हणायची. तीही तेच सांगत होती, नोबेल मात्र तिला मिळालं नाही. ते २०१७ मध्ये जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग यांना मिळालं. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांच्या पेशींत हे घड्याळ कसं चालतं ते शोधल्याबद्दल. दिवसा हिंडणारा प्राणी ‘डायर्नल’, वटवाघळासारखा रात्री हिंडणारा ‘नॉक्टर्नल’. तिसऱ्या शिफ्टचा माणूस हा डायर्नल प्राणी आहे, ज्याला पगारासाठी नॉक्टर्नल केलंय.

घड्याळाबरोबर दुसरी एक गोष्ट चालू असते, ‘स्लीप प्रेशर’. जितका वेळ जागे, तितका दाब वाढत जातो. हे कोल्हापूरकराला समजावून द्यायला राधानगरी धरण पुरेसं आहे. पाणी भरत जातं आणि पातळी गाठली की स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, कुणाच्या परवानगीसाठी थांबत नाहीत. दुपारी वीस मिनिटं डोळा लागला तर थोडं पाणी सोडल्यासारखं. संध्याकाळी सातला दोन तास झोपलात तर धरण रिकामं, मग रात्री दरवाजा उघडणार कसा? आठवडाभर कमी झोप झाली की ‘स्लीप डेट’, झोपेची उधारी. रविवारी ती फेडणं म्हणजे ‘कॅच अप ऑन स्लीप’.

झोपेच्या आतले शब्द दोनच शिका. ‘डीप स्लीप’ म्हणजे गाढ, आणि ‘रेम’. रेम म्हणजे ‘रॅपिड आय मूव्हमेंट’, बंद पापण्यांखाली बुबुळं वेगानं हलतात ती अवस्था. ठसठशीत स्वप्नं बहुतेक इथं पडतात. ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये ती प्रसिद्ध केली. गाढ, हलकी, रेम असं एक चक्र म्हणजे ‘स्लीप सायकल’, साधारण दीड तासाचं. वाईट स्वप्न ‘नाइटमेअर’. त्यातली ‘मेअर’ घोडी नव्हे. छातीवर बसून दडपणारं भूत असा तो जुना इंग्रजी शब्द आहे. गावाकडं झोपेत छातीवर कुणीतरी बसलं म्हणतात, तीच कल्पना त्यांनीही केली होती.

लवकर उठणारा ‘अर्ली बर्ड’ किंवा ‘लार्क’, रात्री तरतरीत होणारा ‘नाइट आउल’. आपल्याकडं घुबड म्हणणं शिवी आहे, इंग्रजीत नाही. कुणी तुम्हाला ‘आउल’ म्हटलं तर भांडू नका. हा स्वभाव म्हणजे ‘क्रोनोटाइप’. तालमीत पहाटे चारला सगळ्यांचाच क्रोनोटाइप वस्ताद ठरवतात, ते वेगळं.

पायरी सातवी: डॉक्टरपुढं लागणारी वाक्यं

सिस्टरच्या आग्रहावरून ही स्वतंत्र ठेवली. झोप लागतच नाही: ‘आय कान्ट फॉल अस्लीप.’ लागते पण टिकत नाही: ‘आय कान्ट स्टे अस्लीप.’ दोन वेगळी दुखणी आहेत, एकाच ‘झोप येत नाही’मध्ये कोंबू नका. दोघांनाही मिळून ‘इन्सॉम्निया’ म्हणतात. लॅटिन ‘सॉम्नस’ म्हणजे झोप, पुढं नकाराचा ‘इन’.

घोरणं ‘स्नोर’. घोरता घोरता श्वास थांबून माणूस गुदमरल्यासारखा जागा होत असेल तर ‘स्लीप ॲप्निया’. तिथं ‘आय गॅस्प फॉर ब्रेथ इन माय स्लीप’ हे वाक्य सांगायचंच. आपल्याला स्वतःचं घोरणं कळत नाही, म्हणून ‘माय वाइफ सेज आय स्नोर’. आमच्यातल्या एकानं हे वाक्य पाठ केलं पण ‘सेज’च्या जागी ‘स्नोर्स’ म्हणाला. घरी काय झालं ते त्यानं सांगितलं नाही.

पायरी आठवी: तोंडाचे व्यायाम

‘स्लीप’ आणि ‘स्लिप’. आपल्याला ह्रस्व-दीर्घ येतं, मग इथं का चुकायचं? ‘आय स्लिप ॲट टेन’ म्हणजे रोज दहाला घसरून पडतो. ‘डोझ’ आणि ‘डोस’. पहिली डुलकी, दुसरा औषधाचा. ‘झ’ नीट गुणगुणला पाहिजे. कोल्हापुरी माणसाला ‘झणझणीत’ येतं, म्हणजे हेही येणार. ‘रिदम’चं स्पेलिंग आर-एच-वाय-टी-एच-एम. नेहमीच्या ए, ई, आय, ओ, यू या पाचांपैकी त्यात एकही नाही, म्हणून ते पाचदा हातानं लिहा. जांभईचा ‘यॉन’ म्हणताना तोंड आपोआप उघडतं आणि जांभई येते. कट्ट्यावर हा शब्द आम्ही शेवटी घेतो.

उच्चार ऐकायला मोबाइलवरचा कुठलाही नामांकित शब्दकोश चालतो. ऐका, थांबवा, म्हणा.

पायरी नववी: वही

उशाशी एक छोटी वही. रात्री पाच शब्द वाचायचे, मोबाइल बाजूला, दिवा बंद. (डॉक्टरांनाही एव्हाना पटलं असेल, मी खरंच दिवा बंद करतो.) सकाळी वही न उघडता आठवायचे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसानं स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर विसरतं आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी, मग रविवारी, मग एका ‘फोर्टनाइट’नं. वाचलेलं झोपेत पक्कं व्हायला मदत होते, हेही आता माहीत आहे. म्हणून शब्द पाठ करायला जागरण करू नका.

आठवलेल्या शब्दांतून कालच्या रात्रीची चार वाक्यं लिहा. खरी लिहा. दूध संस्थेतल्या ताईंची पहिली नोंद अशी होती: ‘आय गॉट अप ॲट फोर. आय वॉज ग्रॉगी. द बफेलोज वेअर वाइड अवेक.’ व्याकरणाची एकही चूक नाही, आणि म्हशींबद्दलचं निरीक्षण तर बिनतोड.

तिसऱ्या शिफ्टवाल्यांसाठी एक अडचण राहते, ती आम्ही अशी सोडवली. सकाळी आठला घरी येऊन झोपणाऱ्यानं ‘लास्ट नाइट’ काय लिहायचं? रात्री तो कामावर होता. ‘लास्ट नाइट आय वर्क्ड द नाइट शिफ्ट. आय स्लेप्ट फ्रॉम एट टु टू. द प्रेशर कुकर वोक मी अप.’ ‘नाइट’ कामाला जोडायची, झोपेला तास. झोपताना ‘गुड नाइट’ की ‘गुड डे’, यावर कट्ट्यावर अजून एकमत नाही. पैलवान म्हणतो, काही न म्हणता पडदा ओढावा.